म्हाताऱ्याची तपासणी

जन्म-मृत्यूचे दाखले देणाऱ्या त्या ऑफिसच्या हद्दीत माणसं वेळेवर जन्मायची आणि वेळ आली की मरायचीही, पण त्याचा दाखला मात्र कधी वेळेवर मिळायचा नाही. कारण नेटवर्क बंद असायचं. 'नेटवर्क बंद आहे, सहकार्य करावे' ही पाटी आधी पुठ्ठ्याची होती, मग तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण चढलं आणि अलीकडे तर कुणीतरी हौसेने ती ॲक्रिलिकवर कोरून घेतली होती. पाटीची ही भरभराट बघूनच रांगेतल्या माणसाने ओळखावं, की आजार जुना आहे आणि घरच्यांनी तो मनावर घेतलेला नाही.

दोष सगळा म्हाताऱ्याचा. म्हातारा म्हणजे जिन्याखालच्या खोलीतला स्विच. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरची वायर भिंतीतून सरपटत येऊन त्या काळ्या लोखंडी डब्यात शिरायची आणि एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं काम हा डबा करायचा. म्हातारा रुसला की सगळं ऑफिस मुकं व्हायचं. पण त्याच्या नावावर एवढंच नव्हतं. फाइल सापडत नाही? स्विच. दाखल्यावर आईच्या जागी मावशीचं नाव? स्विच. हेडक्लार्कची एकदा दाढ ठणकत होती, तेव्हाही त्यांनी जिन्याखाली संशयाने पाहिलं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि इथे तर अख्खं ऑफिस नाचायचं सोडून अंगणाकडे बोट दाखवत उभं होतं.

म्हाताऱ्याच्या देखभालीला जो माणूस ठेवला होता, त्याला सगळे डॉक्टर म्हणत. त्याने कधी कुणाला बरं केलं होतं म्हणून नव्हे. रोग्याला हात न लावता, नुसतं लांबून बघून तो "वय झालंय आता" असं सांगायचा, म्हणून. त्याच्याकडे औषध एकच, बंद करायचं आणि चालू करायचं. सकाळी बाकीच्यांच्या खुर्च्या गरम व्हायच्या आत नेटवर्क बसायचं. डॉक्टर म्हाताऱ्याला बंद करायचा, चालू करायचा, पुन्हा बंद, पुन्हा चालू. दुपारी जेवणं आटोपली की कधीतरी नेटवर्क यायचं आणि त्याच्या आधी जे शेवटचं बंद-चालू झालेलं असेल त्याला यश मिळायचं. म्हाताऱ्याला उपाशीपोटी काम होत नाही, असं ऑफिसचं मत होतं. आणि मोठ्या बाई, म्हणजे ऑफिसच्या प्रमुख, रजेवर असल्या की नेटवर्क दिवसभर पळायचं, हेही सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ एवढाच काढला गेला, की बाईंची नजरच तशी आहे.

इतकी वर्षं डॉक्टरने म्हाताऱ्याची नीट तपासणी एकदाही केली नव्हती. कशाला करायची? वय झालंय म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. माणसांच्या बाबतीतही विचारत नाहीत.

मग एक दिवस वरून विचारणा झाली. कुणा बड्या घरातल्या बाळाचा दाखला अडला होता म्हणे. साध्या घरातली बाळं अडली तोवर 'वर' शांतता होती. मोठ्या बाईंनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेनं एका रेषेत, कागदांच्या कडा जुळलेल्या, आणि बाईंचा आवाजही इस्त्री केलेला.

"डॉक्टर, तुमचं कंत्राट या महिन्याअखेर संपतंय ना?"

"हो बाई."

"उद्या स्विचची पूर्ण तपासणी करा. हेडक्लार्क समोर बसतील. स्विच नापास झाला तर स्विच बदलू." बाईंनी एक पेन केसभर सरळ केलं. "पास झाला तर माणूस बदलू."

डॉक्टरची बायको त्याच ऑफिसात खिडकीवर बसायची. घरी ती त्याला 'तू' म्हणायची, ऑफिसात चार लोकांत 'अहो'. दिवसभर नेटवर्क बंद असल्याच्या शिव्या पाटीला नव्हे, तिला बसायच्या. संध्याकाळी घरी आली की ती आधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची, मग बोलायची.

त्या संध्याकाळीही तिने गुळण्या केल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "नापास होईल ना रे तो?"

"व्हायला पाहिजे. एवढं वय झालंय."

"तू बघितलंस कधी उघडून?"

डॉक्टरने वाटाणे सोलायला घेतले. आपल्याकडे उत्तर नसलं की तो घरकामात फार लक्ष घालायचा.

"अरे, मी रोज लोकांना सांगते, स्विच खराब आहे. छातीवर हात ठेवून सांगते. तूच सांगितलंस म्हणून सांगते." ती त्याच्यासमोर बसली. "एक जण आज म्हणाला, तुमचा बाप मेला की कळेल. मी काय करायचं सांग? मला एवढंच कळू दे, मी कुणाच्या वाटच्या शिव्या खातेय."

आतून त्याची आई म्हणाली, "नोकरी गेली तर मात्र सगळ्यांच्याच वाटच्या खाशील." आईचा स्वभाव धीर देण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी नेटवर्क अधिकृतपणे बंद ठेवलं गेलं, आणि ऑफिसात सणासारखं वातावरण पसरलं. रोजचं नेटवर्क चोरून बंद पडायचं. आज मानाने बंद होतं. जो तो जिन्याखाली डोकावून जात होता. जन्म विभागातला म्हणाला, "डॉक्टर, नापास करा हो. पास झाला तर आम्हाला वर्षभराचं मागचं काम काढायला लावतील." मृत्यू विभागातली कानाशी येऊन म्हणाली, "एखादी वायर थोडी इकडेतिकडे झाली तर कुणाला कळतंय?" एवढ्या आपुलकीने कुणी सख्ख्या आजोबांच्याही मरणाची वाट पाहत नाही.

हेडक्लार्क खुर्ची, उशी आणि चहाचा थर्मास घेऊन साक्षीला बसले.

डॉक्टरने म्हाताऱ्याच्या सगळ्या वायरी उपसल्या. डबा पार उघडा पडला. लॅपटॉप जोडून त्याने तपासणी चालू केली आणि म्हातारा एकेक अवयव दाखवू लागला. पंखा फिरतो का? पास. आतलं तापमान? पास. वीजपुरवठा? पास. स्मरणशक्ती?

"स्मरणशक्ती पास?" हेडक्लार्क पुढे वाकले.

"पास."

"माझ्याहून बरा आहे की." त्यांनी खिन्नपणे चहा ओतून घेतला.

आता राहिली भोकांची तपासणी. वायरी जिथे खुपसायच्या त्या प्रत्येक भोकात एक आखूड प्लग बसवायचा. भोकाने जे पाठवलं ते प्लगमधून त्यालाच परत ऐकू यायला हवं. जे बोललास ते ऐकलंस का, एवढीच परीक्षा. डॉक्टरच्या पिशवीत असे दोन प्लग होते. एक चांगला आणि एक आतून तुटलेला. तुटलेला बाहेरून अगदी चांगल्यासारखा दिसायचा. तो लावला की धडधाकट भोकही नापास.

डॉक्टरने तुटका प्लग हातात घेतला. हेडक्लार्क थर्मासचं झाकण लावण्यात गुंग होते, किंवा गुंग असल्याचं दाखवत होते. ऑफिसात तेवढी माणुसकी होती. घरचं भाडं, आईची औषधं, सगळं त्या प्लगच्या टोकावर येऊन बसलं होतं. डॉक्टरने तो पहिल्या भोकाशी नेला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बायकोचा आवाज आला. खिडकीवर कुणी म्हातारी बाई होती. नवऱ्याच्या दाखल्यासाठी ती चौथ्यांदा की पाचव्यांदा आली होती. बायको बसक्या आवाजात सांगत होती, "आजी, स्विच खराब आहे हो. खरंच खराब आहे. आज डॉक्टर बघतायत त्याला." त्यावर आजी एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर तर आमच्या ह्यांनापण बघत होते, बाळा."

डॉक्टरला स्वतःची लाज वाटली. फार नाही, पण प्लग बदलण्याइतकी वाटली. तुटका त्याने पिशवीत टाकला आणि चांगला घेऊन एकेक भोक तपासायला सुरुवात केली. पास. पास. पास. शेवटचं भोक पास झालं तेव्हा हेडक्लार्कनी दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही. "गेलात तुम्ही," ते हळहळून म्हणाले. डॉक्टरलाही तसंच वाटत होतं.

आता वायरी परत लावायच्या होत्या. एरवी तो भराभर खुपसायचा. आज जायचंच आहे तर निदान नीट लावून जाऊ, म्हणून एक वायर लावायची, दिवे बघायचे, मग दुसरी, असं त्याने चालवलं. हिरवे दिवे आपापल्या लयीत लुकलुकत होते. जवळजवळ सगळ्या लागल्या. आणि एक वायर लावल्याबरोबर डब्यावरचे सगळे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे फडफडू लागले. हे फडफडणं त्याने रोज सकाळी पाहिलं होतं आणि रोज त्याला वय म्हटलं होतं. त्याने वायर काढली. दिवे शहाणे झाले. लावली. वेडे.

वायरीवरच्या पट्टीवरची अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. 'केबिन, दुसरी.'

डॉक्टर केबिनमध्ये गेला; साक्षीदार म्हणून हेडक्लार्कही थर्मासासकट मागे आले. बाईंच्या टेबलामागे भिंतीत वायरींसाठी एका ओळीत तीन खाचा होत्या, तिन्ही आतून म्हाताऱ्याला जोडलेल्या. पहिलीतून बाईंच्या कॉम्प्युटरला वायर गेली होती. दुसरीतून एक जादा वायर निघाली होती, पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी कधीतरी आणलेली. तिचं मोकळं टोक जमिनीवर असायला हवं होतं. ते सुबकपणे वळवून तिसऱ्या खाचेत खोचलेलं होतं.

"बाई, हे टोक कुणी लावलं?"

"मी. लोंबत होतं."

"रोज लावता?"

"रोज कुणीतरी काढतं, म्हणून रोज लावावं लागतं. सकाळी आल्या आल्या माझं पहिलं काम ते. या ऑफिसात शिस्त म्हणून काही..."

केर काढणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. "मीच काढते की. दुपारी बाई जेवायला गेल्या की झाडू टेबलामागे घालायला. परत लावायची असते का ती? मला कुणी बोललं नाही."

डॉक्टरने टोक खाचेतून ओढलं. बाहेर कुठेतरी प्रिंटर खाकरला आणि रांगेतून आरोळी आली, "आलं!" त्याने टोक परत खोचलं. "गेलं!" ओढलं. "आलं, आलं!" इतका साधा खेळ ऑफिसच्या इतिहासात कुणी पाहिला नव्हता. एका खाचेतून निघालेली हाक शेजारच्या खाचेतून परत म्हाताऱ्याच्याच कानात जात होती, तो ती इमानाने पुन्हा सगळ्यांना सांगत होता, ती पुन्हा परत येत होती. स्वतःच्याच ओरडण्याने त्याचे कान किटले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा केबिनमध्ये आणि वळसा जिन्याखाली.

मोठ्या बाईंनी एकदा त्या टोकाकडे आणि एकदा उघड्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जा. दार लावा."

दार लागलं.

"म्हणजे स्विच पास."

"हो बाई. ठणठणीत."

"मी सगळ्यांसमोर बोलले होते, पास झाला तर माणूस बदलायचा." बाईंनी पेन उचललं आणि परत त्याच रेषेत ठेवलं. "आता तुम्हीच सांगा, कुठला माणूस बदलू?"

हेडक्लार्क छताकडे बघू लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं, पण नोकरीत काही वेळा छतच बघायचं असतं.

"स्विचचं वय झालंय, असं तुम्हीच म्हणत होता ना डॉक्टर?"

"म्हणत होतो."

"मग तसं लिहा."

डॉक्टरने तसं लिहिलं. आजींसाठी तुटका प्लग पिशवीत टाकला होता. सही मात्र त्याने एका झटक्यात केली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीच्या कागदावर डॉक्टरचीच सही. खरं सांगायचं तर सही करताना त्याला फक्त सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं ते नंतर, म्हातारा भंगारात नेताना. मजुराने डबा खांद्यावर टाकला तेव्हा म्हाताऱ्याचा पंखा हवेने अजून थोडा थोडा फिरत होता.

ती जादा वायर कायमची काढून टाकावी असं डॉक्टरच्या मनात होतं. पण ती ऑफिसच्या सामानात होती, काढायची तर तीन विभागांची परवानगी. त्याने तिच्या मोकळ्या भागाचं वेटोळं करून टेप लावली आणि कपाटामागे सरकवून दिलं.

नवा स्विच आला. हाक फिरून परत येतेय हे ओळखून ते भोक आपोआप बंद करणारा मागवा, असं डॉक्टरने सुचवलं होतं. आला तो चकचकीत होता, एवढंच. पण वायर कपाटामागे होती, त्यामुळे नेटवर्क जे सुरू झालं ते थांबेचना. ऑफिसवर आभाळ कोसळलं. कुणाच्या चुकीला आता वाली उरला नाही. मावशीचं नाव आईच्या जागी पडलं की ते ज्याने टाकलं त्याच्याच अंगावर यायचं. जन्म विभागातला डॉक्टरशी बोलेनासा झाला. बायको मात्र संध्याकाळी गुळण्या न करता बोलायला लागली. आजींना दाखला मिळाला, त्या दिवशी तिने घरी येऊन ते दोनदा सांगितलं. मोठ्या बाई सगळ्यांना म्हणायच्या, "बघा, स्विच बदलल्याबरोबर फरक पडला. मी म्हणतच होते." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. आपल्या सोयीचा कागद चार दिवस फाइलीत राहिला की माणसाचा त्याच्यावर विश्वास बसतो.

महिनाअखेर आली. हेडक्लार्क डॉक्टरला जिन्यापाशी भेटले आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाले, "कंत्राट पुढे चालू नाही ठेवायचं म्हणतात बाई. काही बिघडतच नाही, तर माणूस कशाला?"

"पण म्हणूनच तर..." डॉक्टर म्हणाला आणि थांबला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार?

घरी आईने ऐकलं आणि म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो." मग स्वतःशीच, "तरी बरा जगवला होतास त्याला." डॉक्टर वाटाणे सोलत बसला. घरात सोलण्यासारखं जे जे होतं ते त्याने त्या आठवड्यात सोललं. इतर ठिकाणी विचारलं, तर सगळीकडे एकच उत्तर, आमचं नेटवर्क चालू आहे. एका रात्री अंथरूण घालताना बायकोने विचारलं, "ती वायर कपाटामागेच आहे ना रे?"

"हो. का?"

"काही नाही. सहज."

सोमवारी सकाळी ती सह्यांचे कागद घेऊन केबिनमध्ये गेली. बाई सह्या करत होत्या. बायको कपाटाशी उभी राहिली, तिथली फाइल काढायला वाकली आणि पुन्हा उभी राहिली तेव्हा वेटोळ्यावरची टेप तिच्या मुठीत होती. वायरीचं टोक कपाटाच्या कडेवरून खाली आलं होतं आणि पंख्याच्या वाऱ्याने हलत होतं.

"बाई, लहान तोंडी मोठा घास," ती म्हणाली, "पण एवढ्या टापटिपीच्या केबिनमध्ये ही वायर अशी लोंबताना बरी दिसत नाही हो."

मोठ्या बाईंनी मान वर केली. वायर पाहिली. कपाळावर एक आठी उमटली, जुन्या ओळखीची.

"या ऑफिसात," बाई खुर्चीतून उठल्या, "सगळं मीच बघायचं."

बायको कागद घेऊन खिडकीवर येऊन बसली. समोरचा कॉम्प्युटर तिच्या डोळ्यांदेखत गोठला. रांगेच्या तोंडाशी एक तरुण बाप बाळाला खांद्यावर टाकून उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे तिला बघवेना. आपण काय केलंय हे तिला नीट माहीत होतं. तिने खणातली पाटी काढली, पदराने पुसली आणि काचेवर लावली.

मग आपल्या वाटच्या शिव्या ती मुकाट्याने ऐकत राहिली. आत केबिनमध्ये हेडक्लार्क फोन लावत होते आणि बाई म्हणत होत्या, "त्या आधीच्यालाच बोलवा. त्याला सवय आहे."

"अहो ताई," तरुण बाप शेवटी दमून म्हणाला, "निदान चालू कधी होईल ते तरी सांगा."

"दुपारी होईल," ती म्हणाली. तिचा आवाज आत्ताच बसायला लागला होता. "माणूस बोलावलाय."